केव्ह, ग्रूता आणि आपलें लेणें

ताक एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओततांना थोडें सांडतें, तें चालतें. परंतु मधलें भांडें बिनकल्हईचें असलें, तर तें ताक कळकतें, आणि मग पुढचें भांडें चांदीचें असलें तरी उपयोग नाहीं. भाषांतराचेंहि असेंच आहे. मराठी वस्तूचें नांव पोर्तुगीज भाषेंत न्यावयाचें, आणि मध्यें इंग्रजीचें भांडें ठेवावयाचें, म्हणजे काय होतें याचा एक ताजा नमुना आज वाचकांपुढें ठेवतों.

माझी पुतणी गेलीं कांहीं वर्षें पोर्तुगालांत लिस्बन येथें असते. तेथील एका मंडळानें वेरूळच्या छायाचित्रांचें प्रदर्शन मांडावयाचें ठरविलें, आणि सोबतच्या इंग्रजी माहितीपत्रकाचें पोर्तुगीज करण्याचें काम तिच्याकडे आलें. तिनें मला लिहिलें: "ती. काकांस शि. सा. न. वि. वि. इंग्रजी मजकुरांत 'केव्ह' हा शब्द पानोपानीं आहे. पोर्तुगीजांत त्याला चार-पांच शब्द आहेत आणि एकहि धड बसत नाहीं. तुम्ही तर वेरूळचेच. कैलास म्हणजे नक्की काय, तें एकदां सांगा. मग शब्द मी शोधीन."

प्रश्न वरवर पाहतां कोशाचा दिसतो. पण ज्यांचीं मुलें-नातवंडें आज चार देशांत चार भाषा बोलत आहेत, अशा प्रत्येक घरचा तो प्रश्न आहे. आपल्या वस्तूची ओळख परक्यास करून देतांना कोणाच्या तोंडच्या शब्दानें ती करून द्यावयाची, हें एकदां ठरविलेंच पाहिजे.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे वळूं. 'केव्ह' हा शब्द लॅटिनमधील 'पोकळ' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. डोंगरांत जें जें पोकळ, तें तें केव्ह. पावसाच्या पाण्यानें चुनखडकांत पडलेली पोकळी, वाघानें आश्रय घेतलेली कपार, भिक्षूंचा विहार, महादेवाचें देऊळ, या सर्वांस इंग्रजींत हें एकच नांव चालतें. शिवाय या शब्दाचा परिवार मोठा. 'केव्हमॅन' म्हणजे आदिकाळचा गुहावासी मनुष्य; 'केव्ह बेअर' म्हणजे गुहेंतलें, आतां नामशेष झालेलें अस्वल; 'केव्ह पेंटिंग' म्हणजे त्या आदिमानवानें खडकावर काढलेलें चित्र; 'केव्ह टेंपल' म्हणजे आमच्या वेरूळसारखें स्थान; 'केव्ह-इन' म्हणजे खाण किंवा दरड ढासळणें; आणि तेंच क्रियापद म्हणून योजलें म्हणजे हट्ट सोडून नमतें घेणें.

आतां पोर्तुगीज भाषा या परिवाराचें काय करते पहा. गुहामानवास ती 'ओमें दाश कावेर्नाश' म्हणते, आणि अस्वलालाहि 'कावेर्ना' हाच शब्द लावते. पण चित्राकडे वळतांच ती गुहा सोडून देते आणि 'पिंतूरा रुपेश्त्र' म्हणते. यांतील दुसरा शब्द खडक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपण शैलचित्र म्हणतों तसाच. खाण ढासळली तर 'देझाबामेंतु'. तेथें गुहेचा मागमूसहि नाहीं. आणि नमतें घेणें म्हणजे नुसतें 'सेदेर'. इंग्रजींत एका झाडाच्या या सहा फांद्या. पोर्तुगीजांत तीं निरनिराळीं झाडें. मराठींतहि तसेंच आहे. "त्यानें शेवटीं गुहा केली" असें म्हणणारा मराठी मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यांत नाहीं!

यांतून पहिला नियम निघतो, आणि तो जुन्या पाठशाळेंत लहानपणींच शिकवीत: समास दिसला कीं आधीं विग्रह करा, अर्थ मागाहून सांगा. 'केव्ह टेंपल' या जोडशब्दाचा विग्रह कसा करावयाचा? गुहेंतील मंदिर, असा सप्तमी तत्पुरुष? कीं गुहा हेंच मंदिर, असा कर्मधारय? इंग्रजी समासांत विभक्ति गिळलेली असते, म्हणून वाचणारा सोईचा अर्थ घेतो. अमरनाथ हें पहिल्या प्रकारचें खरें उदाहरण होय. तेथें निसर्गानें गुहा केली आणि भाविकांनीं तींत देव पाहिला. वेरूळास डोंगरांत आयती गुहाच नव्हती. होता तो काळा कातळ. तेथें मंदिर ठेवावयास कोणी पोकळी शोधली नाहीं. मंदिर हवें होतें म्हणून दगड काढून टाकला. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या १८८० सालच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नांवांतहि 'केव्ह टेंपल्स' हाच समास आहे. ग्रंथ मोलाचा आहे. पण विग्रह ज्याचा त्यानेंच करावयाचा आहे.

आतां पोर्तुगीजांतील सुटे शब्द पाहूं. 'कावेर्ना' म्हणजे मोठी, अंधारी, नैसर्गिक गुहा. प्लेटोच्या प्रसिद्ध दृष्टान्तांतील गुहेस तेथें हाच शब्द आहे. 'लापा' म्हणजे पुढें आलेल्या खडकाखालची कपार. 'कॉव्हा' म्हणजे खड्डा. प्रेत पुरण्याच्या खड्ड्यासहि तोच शब्द. 'ग्रूता' म्हणजे गुहा, थोडी लहान आणि पुष्कळदां रम्य किंवा पवित्र. पोर्तुगालांतील 'ग्रूताश द मीरा द आयर' हीं चुनखडकांतील गुहास्थानें प्रवाशांच्या परिचयाचीं आहेत, आणि १९६३ सालीं सांपडलेल्या एश्कोराल येथील प्राचीन चित्रांच्या गुहेसहि हेंच नांव आहे.

आणि पांचवा शब्द सर्वांत धोक्याचा. इंग्रजी 'केव्ह' ज्या चार अक्षरांनीं लिहितात, नेमक्या त्याच चार अक्षरांचा 'काव्ह' असा एक पोर्तुगीज शब्द आहे. तो त्यांच्याकडे फ्रेंचमधून आला, आणि त्याचा अर्थ तळघर किंवा मद्याचें कोठार! पोर्तो शहरासमोर, दौरु नदीच्या पलीकडच्या तीरावर व्हिला नोव्हा द गाया हें गांव आहे. तेथील द्राक्षासवाचीं कोठारें जगप्रसिद्ध आहेत, आणि त्यांस 'काव्हश' असेंच म्हणतात. घाईच्या भाषांतरकारानें इंग्रजी अक्षरें जशींच्या तशीं ठेवलीं असतीं, तर लिस्बनच्या सभ्य गृहस्थांस वेरूळ हें चौतीस मद्यकोठारांचें गांव वाटलें असतें. एका लॅटिन मातेच्या या मुली. पण निरनिराळ्या घरीं दिल्यावर प्रत्येकीचें कूळ-गोत्र पालटलें. नुसत्या चेहऱ्यावरून ओळख धरूं नये, ती अशी.

या शब्दांत एक गोष्ट मात्र मनाला फार आनंद देणारी आहे. 'ग्रूता' हा शब्द मागें मागें नेला तर ग्रीक भाषेंतील 'लपविणें' या अर्थाच्या धातूपाशीं जातो. आपला 'गुहा' शब्दहि 'गुह्' म्हणजे लपविणें, झांकणें या धातूपासून झाला. गुह्य, गूढ हे त्याचे भाऊबंद. दोन्ही शब्दांचें नातें नाहीं. पण दोन दूरच्या समाजांस डोंगरांतली पोकळी पाहून एकच कल्पना सुचली कीं, येथें कांहींतरी लपलेलें आहे. तेव्हां गुहेस 'ग्रूता' हा शब्द निःशंकपणें द्यावा. प्रश्न एवढाच कीं, वेरूळ ही गुहा आहे काय?

मराठीनें हा भेद फार पूर्वींच केला आहे. आपल्याकडे गुहा आहे, कपार आहे, विवर आहे, भुयार आहे, बीळ आहे. घळ आहे, समर्थांच्या वास्तव्यानें पावन झालेली शिवथरघळ आपण सर्वजण जाणतों. या सर्वांहून निराळा शब्द म्हणजे लेणें. भुयार सोडलें तर बाकीचीं स्थानें सांपडतात; लेणें सांपडत नाहीं, तें करावें लागतें. हा शब्द संस्कृत 'लयन' म्हणजे विसाव्याचें, राहण्याचें ठिकाण, यावरून प्राकृतांत 'लेण' होऊन आपल्याकडे आला. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावर नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. त्यांत लेण हा शब्द आहे, आणि त्याच्यापुढें 'कारितं' म्हणजे करविलें असें प्रयोजक क्रियापद आहे. व्याकरणाची ही एवढीशी खूण पुरे. गुहा कोणी करवीत नसतो. जें करविलें जातें, त्याला कर्ता असतो, कारागीर असतो, खर्च असतो, आणि कोणासाठीं हा हेतूहि असतो.

अंगावर घालण्याच्या दागिन्यासहि आपण लेणें म्हणतों. तो शब्द निराळा. काजळ लेणें, कुंकूं लेणें यांतील क्रियापदाचा तो सोबती. तरीहि दोन्ही शब्द मराठींत एकरूप झाले आणि लोकांनीं ते वेगळे करण्याची खटपट केली नाहीं, यांत मला लोकांची रसिकता दिसते.

आतां आमच्या गांवच्या साक्षी काढूं. वेरूळच्या लेण्यांचे क्रमांक चौतीस: पहिलीं बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदु, आणि तीस ते चौतीस जैन. क्रमांक विद्वानांनीं दिले. नांवें लोकांनीं दिलीं. तीं नांवें ऐका. दहाव्या चैत्यास 'सुताराचें झोपडें' म्हणतात, कारण त्याच्या दगडी छतास लांकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. अकरावें 'दोन ताल', बारावें 'तीन ताल'. ताल म्हणजे मजला. बत्तिसावी 'इंद्रसभा', तेहेतिसावी 'जगन्नाथसभा'. एकोणतिसावें 'धुमार लेणें', त्यासच 'सीतेची न्हाणी' म्हणतात. चौदावें तेवढें 'रावणाची खाई'. पण खाई तरी खणणाराच खणतो. झोपडें, मजला, सभा, न्हाणी: सारे शब्द घरादारांतले. ज्यांनीं इंग्रजी पाहिलें नव्हतें आणि संस्कृतहि वाचलें नव्हतें, त्यांना हीं वसतिस्थानें आहेत हें दिसलें. पोकळ्या दिसल्या नाहींत.

आणि सोळावें, म्हणजे कैलास! गुहेस निदान छप्पर तरी असतें कीं नाहीं? कैलासाच्या शिखरावर उघडें आकाश आहे. डोंगराच्या माथ्यावरून तिन्ही बाजूंनीं चर खोदून मधला कातळ मोकळा केला, आणि वरून खालीं कोरीत आणून त्याचें देऊळ केलें. हा खोदलेला चौक सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून, मागची भिंत शंभर फुटांहून उंच आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त याची आख्यायिका आहे. देवळाचा कळस पाहिल्यावांचून अन्न घेणार नाहीं, असा राणीनें नेम केला. तेव्हां पैठणच्या कोकस नांवाच्या कारागिरानें काम कळसापासूनच आरंभिलें. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण काम वरून खालीं आलें एवढें तिला पक्कें ठाऊक आहे, आणि तिच्या तोंडीं शब्द आहे तो देवळाचा.

येथें मी पुतणीला एक गंमतीची गोष्ट कळविली. आपलीं लेणीं पोर्तुगीज लोकांनीं इंग्रजांच्या फार आधीं पाहिलीं. १५३४ सालीं वसईचा मुलूख त्यांच्या हातीं आला, आणि त्याबरोबर घारापुरीचें बेटहि. तेथें दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्यावरून त्यांनीं बेटास हत्तीचें बेट म्हटलें, आणि त्याचेंच पुढें 'एलिफंटा' झालें. तो हत्ती १८६४ सालीं हलवितांना भंगला. आज तो सांधून मुंबईच्या जिजामाता उद्यानांत ठेवलेला आहे. पुढें गोव्याचा व्हाइसरॉय झालेला जुआंव द कास्त्रु यानें सोळाव्या शतकांतच घारापुरीचें वर्णन लिहून ठेवलें, आणि वैद्य गार्सिया द ओर्ता यानें गोव्यास १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत तिचा उल्लेख केला. त्या काळचे पोर्तुगीज लेखक घारापुरीस कोणता शब्द लावीत? 'पागोद'! म्हणजे हिंदूंचें देवालय. धर्मदृष्टीनें त्यांना तें स्थान प्रिय नव्हतें. बोरिवलीनजीकच्या मंडपेश्वर लेण्याचें तर त्यांनीं ख्रिस्तमंदिर केलें आणि वर मठ बांधला, त्याचे अवशेष आजहि उभे आहेत. परंतु तें देवाचें घर आहे एवढें त्यांनीं ओळखलें होतें. घर आहे हें कळल्यावांचून कोणी तें बळकावीत नाहीं! त्यांचा तो शब्द इंग्रजी 'केव्ह'पेक्षां सत्याच्या अधिक जवळ होता. आज तो योजतां यावयाचा नाहीं. आतां पोर्तुगीजांत 'पागोद' म्हटलें कीं चीन-जपानकडचे मजल्यांचे मनोरे डोळ्यांपुढें येतात, आणि ब्राझिलांत तर त्या नांवाचा एक गाण्याबजावण्याचा प्रकार आहे. शब्दांनाहि म्हातारपणीं देशान्तर घडतें.

पोर्तुगीज म्हणजे आपणांस फार दूरची भाषा, असें मात्र कोणी समजूं नये. चावी, पिंप, घमेलें, परात, बादली, फीत, लिलाव, तुरुंग हे सारे शब्द त्या भाषेंतून आपल्या घरांत आले. आणि उपवासाच्या दिवशीं सोंवळ्यांत शिजणारा बटाटाहि त्यांनींच आणला. बार्देशांतील आसगांवचे मॉन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दाल्गादु (१८५५-१९२२) यांनीं १८९३ सालीं कोंकणी-पोर्तुगीज कोश प्रसिद्ध केला, आणि आशियांतील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ सालीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्याहि आधीं फादर स्टीफन्स हा जन्मानें इंग्रज, पोर्तुगीजांच्या राज्यांत राहून, मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचून गेला. तें १६१६ सालीं छापलें गेलें. स्वर्गासाठीं त्यानें परका शब्द लादला नाहीं, वैकुंठ म्हटलें. ऐकणाराच्या मनांत कोणत्या शब्दानें योग्य चित्र उभें राहील, एवढेंच त्यानें पाहिलें. भाषांतराची गुरुकिल्ली तीच.

मग उत्तर काय दिलें? मीं लिहिलें: "जेथें निसर्गाची पोकळी असेल तेथें ग्रूता म्हण. जेथें छिन्नी लागली आहे तेथें तो शब्द टाळ. विहारास मठाचा शब्द दे, देवळास देवळाचा. आणि दोहोंसहि 'खडकांत कोरून काढलेलें' हें विशेषण जोड." तिचें उलट उत्तर आलें: "काका, पटलें. परंतु सगळीं पुस्तकें 'ग्रूताश द एलोरा' असेंच म्हणतात. शोधणारा मनुष्य त्याच नांवानें शोधणार. नांव बदललें तर तो येणारच नाहीं." तिचें म्हणणें खरें होतें, रूढि ही शास्त्राहून बलवान् असते. शेवटीं ठरलें तें असें: माथ्यावर रूढ नांवच ठेवावयाचें; त्याच्याखालीं पहिल्याच वाक्यांत सांगावयाचें कीं, हीं खडकांत कोरलेलीं देवळें व मठ आहेत, गुहा नव्हेत. आंतील मजकुरांत प्रत्येक ठिकाणीं त्या त्या वास्तूचें खरें नांव: विहारास 'मुश्तैरु', देवळास 'तेंप्लु', आणि विशेषण 'इश्कावादु ना रॉशा'. आणि 'लेणें' हा शब्द एकदां तसाच ठेवून, त्याचा अर्थ कर्त्यासह सांगावयाचा. पंचवीस ठिकाणचा एक शब्द गेला आणि त्याच्या जागीं चार आले. मजकूर ओळ-दोन ओळी वाढला. पण ताक कळकलें नाहीं.

एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. एका शब्दानें कैलासाचा एक टवका तरी उडणार आहे काय? उडणार नाहीं. पण हा शब्द आतां आपल्याच ओसरीवर येऊन बसला आहे. पाहुण्यांना वाट दाखवितांना आमच्या गांवचीं पोरें "केव्ह नंबर सिक्स्टीन" म्हणतात, आणि घरचीं नातवंडें शाळेंतून येऊन 'गुहा' म्हणतात. गुहा म्हटलें कीं मुलाच्या मनांत अंधार येतो, वटवाघूळ येतें. लेणें म्हटलें कीं तें विचारतें, "कोणीं केलें?" माझ्या मतें मुलाच्या तोंडून हा प्रश्न निघणें हेंच अर्धें शिक्षण होय. त्याच्या उत्तरांत राजा येतो, पाथरवट येतो, पिढ्यान् पिढ्यांची चिकाटी येते. ज्या शब्दानें तो प्रश्नच सुचत नाहीं, तो शब्द कितीहि सुटसुटीत असला तरी घरांत महाग पडतो.

कैलासाविषयींची सर्वांत जुनी साक्ष बडोद्यास सांपडलेल्या एका ताम्रपटांत आहे. राष्ट्रकूट कर्कराजाचा हा ताम्रपट शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ च्या सुमाराचा. त्यांतील कवि म्हणतो कीं, एलापूरच्या डोंगरावरील कृष्णराजाचें हें अद्भुत काम विमानांतून जाणाऱ्या देवांनीं पाहिलें आणि त्यांस वाटलें, हें शिवाचें स्वयंभू धामच असावें. कृत्रिम वस्तूंत अशी शोभा कोठून येणार? आणि ज्या शिल्पकारानें तें घडविलें, तोहि नंतर विस्मित होऊन म्हणाला कीं, हें मीं केलें तरी कसें! देवांनीं त्याला स्वयंभू म्हटलें, तर तो स्तुतीचा कळस होता. आपण त्याला स्वयंभू पोकळी म्हटलें, तर ती केवळ विसर होय. त्या अनामिक शिल्पकाराला स्वतःच्या हातांचा विस्मय पडला. पण हात आपले होते हें तो विसरला नव्हता.

वाचकांस एक विनंति. आपापल्या गांवच्या डोंगरांत कोठें लेणें, घळ, कपार, भुयार असेल, तर त्याला गांवचीं वडीलधारीं माणसें कोणत्या नांवानें ओळखतात, आणि तें नांव कां पडलें, हें घरांतल्या वृद्धांस विचारून अवश्य लिहून कळवावें. क्रमांक सरकारदप्तरीं राहतील; नांवें मात्र विचारलीं नाहींत, तर सांगणाऱ्यांबरोबरच जातील.